डिझेल पेटत नाही म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं तर टाकी कशी रिकामी करायची, या लेखावर तुम्ही लिहिलंत, "डिझेलला काडी लावली तरी पेटत नाही, एवढा बाऊ कशाला? नळी घालून तोंडाने ओढलं की झालं. उगाच गॅरेजवाल्यांची घरं भरता."

तोंडाने ओढण्याबद्दल आधी. ठसका लागून घोटभर इंधन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. म्हणूनच ते गिळलेल्या माणसाला उलटी करवायची नसते. मिठाचं पाणी पाजायला धावणाऱ्यांना आवरा आणि दवाखाना गाठा. तसंही आजच्या बऱ्याच गाड्यांत भरणाच्या नळीत झडप असते, तुमची नळी टाकीपर्यंत पोचायचीच नाही.

आता काडीचं. पेटते ती वाफ. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही ठिणगीला पुरेल इतकी वाफ सोडतं. डिझेलसाठी आपल्या मानकात ही मर्यादा किमान 35 अंश आहे, म्हणजे मे महिन्यातल्या नागपुरात तुमची काडी जरा जपूनच! पण मुळात लेखातल्या टाकीत निव्वळ डिझेल कुठे होतं? थोडं पेट्रोल मिसळलं तरी ते मिश्रण पेट्रोल समजूनच हाताळायचं. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती गॅरेजच्या खड्ड्यात, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये साचून राहते आणि लांबच्या ठिणगीनेही भडकते. म्हणून काम उघड्यावर करायचं, बॅटरीची वायर टाकी उघडण्याआधी काढायची, नंतर नाही. कॅन धातूचा हवा, तो जमिनीवर ठेवून गाडीच्या सांगाड्याला वायरने जोडायचा. प्लास्टिकच्या बादलीत धार सोडली की स्थिर वीज साठते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. रिकामी झालेली टाकीही वाफेने भरलेलीच असते. तिच्याजवळ वेल्डिंग नको.

गॅरेजच्या बिलाचं म्हणाल तर ते बरंचसं तुमच्या चावीवर ठरतं. अनेक गाड्यांत चावी फिरवताच टाकीतला पंप चालू होतो आणि पेट्रोल पुढे जातं. न फिरवता गाडी ढकलून बाजूला घेतली, तर टाकी आणि फार तर फिल्टर एवढ्यावर भागतं. तशीच चालवत नेली, तर डिझेलच्याच वंगणावर चालणारा हाय प्रेशर पंप घासला जातो, त्याचा धातूचा कीस इंजेक्टरांत शिरतो, आणि मग गॅरेजवाल्याचं घर खरोखरच भरतं.