चिपळूण–शारजा, मार्गे सुएझ

गेल्या अकरा वर्षांत मी माझ्या आईचा चेहरा फोनवर अख्खा असा पाहिलेला नाही. कपाळ पाहिलंय, कुंकू पाहिलंय, कुंकवाच्या वर गरगरणारा पंखा पाहिलाय. एकदा तर वीस मिनिटं मी माजघरातल्या ट्यूबलाइटशी बोलत होतो आणि ट्यूबलाइट मला कैरीच्या लोणच्यात मोहरी किती घालायची ते सांगत होती. त्याबद्दल तक्रार नाही. पंखा दिसायलासुद्धा आधी कॉल लागावा लागतो, आणि आमचं घोडं तिथंच पेंड खातं.

मी शारजाला राहतो आणि दुबईत एका बांधकाम कंपनीत सिमेंट-सळईचे हिशोब करतो. घराघरांत फायबर पोचवण्यात हा देश जगात अगदी पुढच्या रांगेत आहे. मी चहात साखर ढवळेपर्यंत माझा मुलगा अख्खा सिनेमा उतरवून मोकळा होतो. फक्त त्याच फायबरवरून चिपळूणला व्हॉट्सॲपचा फोन लागत नाही. मेसेज जातो, फोटो जातो, मामांचा 'शुभ सकाळ'वाला गुलाब दवबिंदूंसकट येतो. बोलायचं बटण दाबलं की मात्र 'कनेक्टिंग', मग पुन्हा 'कनेक्टिंग', मग शांतता. इंटरनेटवरून बोलायचं तर इथं मान्यता मिळालेल्या ॲपवरूनच बोलायचं, असा नियम आहे. बाबांनी तो ऐकला आणि एका वाक्यात निकालात काढला, "म्हणजे रस्ता आठपदरी, पण त्यावर एसटीला बंदी."

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी फोन तोंडासमोर माईकसारखा आडवा धरतात, घसा खाकरतात आणि मगच "हॅलो" म्हणतात. त्या हॅलोनंतर फलाट क्रमांक येईल असं मला दर वेळी वाटतं. त्यांच्या लेखी जगात देश कमी आणि घाट जास्त. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' ही मालवाहू बोट आडवी झाली, तेव्हा वाहिन्यांवर तज्ज्ञ नकाशे घेऊन घामाघूम झाले होते. बाबा म्हणाले, "परशुराम घाटात ट्रेलर आडवा झालाय, दुसरं काही नाही." सहा दिवसांनी जहाज सुटलं. "सहाच दिवसांत?" बाबा चकित झाले. मुंबई-गोवा महामार्गावर आयुष्य काढलेला माणूसच असं चकित होऊ शकतो.

२०२३ च्या अखेरीस येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला लागली. बाबांचा निष्कर्ष तयार होता. "कुंभार्ली बंद, गाड्या आंबा घाटानं. जास्तीचं डिझेल कोण देणार? प्रवासी." आमच्या कंपनीत त्या महिन्यात मालवाहतुकीच्या दरावर दोन तास बैठक झाली. त्यात यापलीकडे काहीही निघालं नाही.

इथवर ठीक होतं. पण बाबांना नुसतं सांगायचं नसतं, त्यांना दुजोरा हवा असतो. "तू तिथं आहेस, आतली बातमी काय?" घरच्यांच्या मते मी आखातातला त्यांचा खास वार्ताहर आहे. वास्तविक मला आखातातलं जे दिसतं ते सकाळी सव्वासहाला अल इत्तिहाद रोडवरच्या पुढच्या गाडीचे लाल दिवे, आणि संध्याकाळी त्याच रोडवर तेच दिवे. ५ जून २०१७ ला सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. ते मला कुठून कळलं? चिपळूणहून. फोन आला तेव्हा मी लिफ्टमध्ये होतो. "तू कुठल्या बाजूला आहेस?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, "चौथ्या मजल्याच्या." दोनच दिवसांनी इथल्या सरकारी वकिलांनी जाहीर केलं, की कतारबद्दल ऑनलाइन सहानुभूती दाखवाल तर ३ ते १५ वर्षं आत. त्या आठवड्यात कतारविषयी माझं काहीच मत नसणं हा माझ्या आयुष्यातला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय ठरला.

परदेशी राहिलं की माणसाची मतं व्यापक होतात, असं गावाकडे समजतात. माझ्या मतांचं तसं झालं नाही, ती बारीक झाली. आमचा व्हिसा दोन वर्षांचा. त्यामुळे मतही दोन वर्षांत संपेल एवढंच ठेवावं लागतं. ऑफिसखालच्या कफेटेरियात कडक चहा घेत आम्ही चौघे मराठी जागतिक राजकारणावर बोलतो ते असं: "काय मग?" "चाललंय." "तेल?" "वर." "रुपया?" "खाली." "पैसे कधी पाठवतोस?" "उद्या बघतो." एका दिरहमाला रुपये किती, या पलीकडचं परराष्ट्र धोरण आमच्यातल्या कुणालाही परवडत नाही. आणि एकेकाळी, १९६६ पर्यंत, इथल्या बाजारात भारतानं छापलेला रुपयाच चालायचा. हे बाबांना सांगितल्याची चूक मी केली. ते अजून विचारतात, "मग आपण सोडला कशाला?" जणू मी तेव्हा वित्त खात्यात होतो.

तर मूळ मुद्दा आईशी बोलण्याचा. मी आलो तेव्हा खरवडायची कार्डं होती. नाण्यानं चांदी खरवडायची, लांबलचक आकडा दाबायचा आणि बाईचा आवाज किती मिनिटं उरली ते सांगायचा. त्यातलं एक मिनिट ती बाईच खायची. मग २०१९ मध्ये एक फुकटचं ॲप आलं आणि चमत्कार म्हणजे त्यावर व्हिडिओ कॉल लागायला लागला! आईचं कपाळ एवढं स्वच्छ मी आधी कधी पाहिलं नव्हतं. चार महिने घरात सण होता. डिसेंबरात एका अमेरिकन वर्तमानपत्रानं छापलं, की हे ॲप म्हणे हेरगिरीसाठी आहे. ॲपवाल्यांनी साफ इन्कार केला, पण फोनमधल्या ॲप-स्टोअरमधून ते गायब झालं. मी घाबरतच आईला सांगितलं, "आपलं बोलणं कुणीतरी ऐकत होतं म्हणतात." आई क्षणभर थांबली. "त्याला नीट ऐकू येत होतं का? मला तर तुझा निम्मा शब्द कळत नव्हता."

व्हीपीएन टाक, म्हणजे फोन दुसऱ्याच देशातून चाललाय असं वाटेल, असा सल्ला देणारे खूप भेटतात. सल्ला देणारे कायम भारतात असतात. इथं व्हीपीएन वापरून गुन्हा केल्याचं ठरलं तर दंड ५ लाख ते २० लाख दिरहम. एवढ्यात आमचं घर, आगर, विहीर आणि शेजारच्यांशी वाद चाललेला बांध, सगळं तीनदा विकावं लागेल. आईच्या पंख्यासाठी एवढी जोखीम घ्यायची माझी तयारी होती असं मी लिहिलं असतं, पण बायको हे वाचते.

शेवटी करोना धावून आला. मार्च २०२० मध्ये घरून काम आणि घरून शाळा यांसाठी इथं टीम्स, झूम वगैरे खुली झाली. मग काय, आम्ही आईला मीटिंगला बोलवायला लागलो. चुलीशी बसलेल्या बाईला आमंत्रण जायचं. 'विषय: आई, शनिवार, वेळ: रात्री साडेनऊ.' बाबांना हा प्रकार फार आवडला. वेळ ठरलेली, विषय ठरलेला, उशिरा आला तर नोंद. ते साडेनऊला पाच मिनिटं असतानाच हजर होत, आणि त्यांना हात वर करायचं पिवळं बटण सापडल्यापासून तर तो हात खाली आलेलाच नाही.

पण फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांची मुदत. पहिली पाच मिनिटं "आवाज येतोय का?" मध्ये जातात. मग बाबांचा जागतिक आढावा. युक्रेन, तेल, अमेरिकेचं आयातशुल्क, पुन्हा तेल. अडतिसाव्या मिनिटाला ते म्हणतात, "हं, आता तू बोल गं." आई म्हणते, "अरे, ते तुझ्या आत्याकडचं..." आणि पडदा काळा. आत्याकडचं काय, हे मला गेली चार वर्षं माहीत नाही.

६ सप्टेंबर २०२५ ला तर कळस झाला. त्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन दाखवायला पुतण्या वाशिष्ठीच्या घाटावर फोन घेऊन उभा. आम्ही शारजात दिवाणखान्यात हात जोडून बसलो होतो, मुलाच्या हातात झांजा होत्या. मूर्ती पाण्याशी आली, अर्धी आत गेली आणि तिथंच थिजली. बाप्पा कमरेपर्यंत पाण्यात, पुतण्याच्या तोंडाचा नुसता 'आ'. अकरा मिनिटं. आम्ही 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं की अजून थांबायचं, हेच कळेना. नंतर समजलं, की त्याच दिवशी जेद्दाजवळ समुद्रातल्या इंटरनेटच्या दोन तारा तुटल्या होत्या. एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई. बाबांनी दोन्ही नावं गाडीच्या नंबरासारखी वहीत उतरवून घेतली. मामांनी ग्रुपवर लगेच पाणबुडी सोडली. २००८ मध्ये दुबईजवळ अशीच एक तार तुटली होती, तेव्हाही मामांची पाणबुडी होती. प्रत्यक्षात तिथं सापडला कुणीतरी टाकून दिलेला पाच-सहा टनांचा नांगर.

बाबांचा आक्षेप मात्र शास्त्रीय होता. "जेद्दा तिकडे तांबड्या समुद्रावर. शारजा इकडे. मधे येतं कुठं?" मी सांगितलं, की तारा इथल्या फुजैराहून अरबी समुद्राखालून थेट मुंबईला येतात, पण झूमचा सर्व्हर युरोपात असेल तर आपलं बोलणं आधी तिकडे जाऊन येत असेल.

"म्हणजे चिपळूण–खेड गाडी मार्गे पुणे?"

"तसंच."

"आणि ती पण तांबड्या समुद्रातून?"

"१८७० मध्ये मुंबईची तार टाकली, तीही एडनवरून सुएझलाच नेलेली, बाबा. रस्ता तोच आहे."

"दीडशे वर्षांत दुसरा घाट काढला नाही!" बाबा हळहळले, आणि त्यांच्या आवाजात मी प्रथमच जगाबद्दलची आपुलकी ऐकली.

मागच्या शनिवारी मात्र वेगळंच घडलं. एकाच खोलीत दोन फोन असले की आवाज कुत्र्यासारखा विव्हळतो, म्हणून आईनं बाबांना त्यांच्या फोनसकट पडवीत पाठवलं होतं. साडेनऊ वाजले. आई आली. पंखा, कपाळ, कुंकू. लगेच माझ्या पडद्यावर पाटी आली, बाबा वेटिंग रूममध्ये आहेत, आत घ्यायचं का? मी बोट उचललं.

"थांब," आई म्हणाली.

"अगं, बाबा आहेत."

"माहितेय. बसू दे."

मागून, खऱ्या पडवीतून, घसा खाकरल्याचा आवाज आला. "हॅलो! मला आत घेत नाहीयेत! इथं नुसतं लिहिलंय, कृपया प्रतीक्षा करा!"

"तीस वर्षं लोकांना हेच सांगत होते," आई फोन जवळ घेत म्हणाली, आणि पंखा बाजूला सरून तिचा एक डोळा आणि अर्धं नाक दिसलं. "हं, तर ते तुझ्या आत्याकडचं..."