कोड तोच, मग रंग वेगळा कसा दिसतो?

आमच्या नाशिकच्या स्केचिंगवाल्यांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड चार वेळा येऊन पडला. त्यात थोडक्यात असं होतं की डिजिटल चित्रात रंग म्हणजे नुसते नंबर, म्हणजे कोड, त्यामुळे चित्र थंबनेलमध्ये बघा नाहीतर टीव्हीवर, रंग तोच, फरक वाटला तर स्क्रीन खराब किंवा कोणीतरी फिल्टर मारलाय, आणि मूळ चित्र केवढं आहे याचा रंगाशी काही संबंध नाही. खाली पंधरा अंगठे. मीपण देणारच होतो, खोटं कशाला बोलू.

पहिलं, "नंबर तेच तर रंग तोच". सपाट एकाच रंगाचा चौकोन असेल तर नंबर तेच राहतात, मान्य. पण नंबर मोबाइलमध्ये असतो, रंग दिसतो डोळ्याला. शिवणाऱ्या कुणालाही विचारा, नेव्ही ब्लू आणि काळ्या दोऱ्याची रिळं शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो, तेच एकेक धागा ओढून हातभर लांब धरा, कुठला कुठला सांगताना घोळ होतो. दोरा तर बदलला नाही ना? निळा ओळखणाऱ्या पेशी डोळ्यात आधीच कमी, आणि नजरेच्या अगदी मधल्या ठिपक्यात तर जवळपास नसतातच. तो ठिपका म्हणजे फोन ३० सेंटीमीटरवर धरला तर स्क्रीनवरचे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. त्याहून बारीक जागेत फिका पिवळा पांढऱ्यात जातो आणि गडद निळा काळ्यात.

आणि हे काही माझं डोकं नाही. रंग मोजायचं जे जागतिक टेबल आहे ते १९३१ साली २ अंशाच्या तुकड्यासाठी केलं होतं, म्हणजे हात लांब करून अंगठ्याचं नख बघावं तेवढा भाग. मोठ्या भागाला ते नीट लागू पडेना म्हणून १९६४ ला १० अंशाचं, साधारण मुठीएवढ्या भागाचं, दुसरं टेबल करावं लागलं. आकाराने फरक पडत नसता तर कशाला केली असती एवढी उठाठेव?

ज्याने घर रंगवलंय त्याला तर टेबलाचीही गरज नाही. आमच्याकडे शेड कार्डवरचा गुलबक्षीच्या बीएवढा तुकडा बघून "हलका पिस्ता" ठरला, आणि भिंत झाल्यावर आई म्हणाली हे काय पोपट बसवलाय घरात. पेंटरचा काही दोष नव्हता, डबा तोच होता. रंग मोठ्या जागेवर पसरला की जास्त उजळ आणि जास्त भडक वाटतो, एवढंच.

दुसरा मुद्दा स्क्रीन खराब असल्याचा. स्क्रीन वेगवेगळ्या असतात हे खरंच. पण माझा फोन एकच, ब्राइटनेस तीच, मिनिटभराचं अंतर. रामकुंडाजवळ बसून केलेलं एक वॉटरकलर स्कॅन केलं होतं, घाटावर वाळत टाकलेल्या साड्या, पाण्यावर कोरड्या ब्रशने सोडलेली पांढरी चमचम. गॅलरीच्या छोट्या चौकोनात पाणी मेलेलं राखाडी, पूर्ण उघडलं की परत जिवंत. इथे तर फॉरवर्डचा नंबरवाला मुद्दाच आडवा पडतो, कारण थंबनेल म्हणजे तीच फाइल लांबून दाखवलेली नसते, शेजारशेजारच्या पिक्सलची, म्हणजे चित्र ज्या बारीक चौकोनी ठिपक्यांचं बनतं त्यांची, सरासरी काढून नवीन नंबर बनवलेले असतात. आणि ती सरासरीही बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये चुकीची निघते. एक काळा पिक्सल ०, एक पांढरा २५५, मध्ये आला १२८. पण स्क्रीनवर १२८ म्हणजे अर्धा उजेड नाही, साधारण २२ टक्केच, अर्ध्यासाठी १८८ लागतो. माझी चमचम तिथेच विझली. साडीची लाल किनारही शेजारच्या मातकट रंगात कालवली गेली. कुणी एडिट केलं नव्हतं, नुसतं लहान केलं होतं.

तिसरं, मूळ चित्र केवढं याने काय होतं. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सुराचं ला ग्रांद जात बेटावरच्या रविवारचं चित्र घ्या, शिकागोत आहे, साधारण २ मीटर बाय ३ मीटर, आणि त्यात रंग शेजारशेजारच्या ठिपक्यांनी लावलेत. गवताच्या हिरव्यात नारिंगी ठिपके आहेत, समोर उभं राहिलं की ते वेगळे दिसतात, मागे सरकलं की मिसळायला लागतात. फोनवर हे चित्र तळहाताएवढं होतं आणि ती मिसळामिसळ तुमच्या डोळ्याआधी फोनच करून टाकतो. मागे-पुढे व्हायची सोयच राहत नाही. झूम करून बघितलं तर थोडं परत मिळतं, पण मग एका वेळी टोपीच दिसते.

बारीक रंगात डोळा कच्चा असतो हे जेपेग, म्हणजे फोटोच्या फाइलचा नेहमीचा प्रकार, बनवणाऱ्यांना १९९२ मध्येच माहीत होतं. म्हणून तर साधारण जेपेगमध्ये उजेड-अंधाराचे जेवढे नमुने ठेवतात त्याच्या पाव हिश्शातच रंग बऱ्याचदा उरकतात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

बाकी ज्यांनी अंगठे दिले त्यांनी आता एवढं करा. मेनरोडवरून एक काळं आणि एक नेव्ही रीळ आणा, आणि रविवारी घाटावर येताना खिशात टाका. चहा माझ्याकडून.