घराचा भाव आणि घराचा कागद

इंदूरमध्ये निवडणुकीत घराच्या भावावर कुणी मत देत नाही, घराच्या कागदावर देतात. हे माझं मत आहे आणि त्यावर भांडायची माझी तयारी आहे.

भावाबद्दल बोलणं तर रोजचंच. निपानियात काय स्क्वेअर फूट चाललंय, सुपर कॉरिडॉरचा प्लॉट आता विसराच, ३१ मे २०२५ला मेट्रो सुरू झाली तीही नेमकी तिथेच, जिथे माणसांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. लग्नाच्या पंगतीतसुद्धा दुसरा विषय नसतो. पण प्रचाराची गाडी गल्लीत आली की हा विषय कुणी काढत नाही. मागणारा नाही आणि देणाराही नाही.

कारण ज्याचं घर झालंय त्याला भाव उतरायला नकोच आहेत. आमच्याच घरी बघा. सुदामानगरातला प्लॉट वडिलांनी वेळेवर घेतला, त्यामुळे कलेक्टर गाइडलाइन, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, वाढली की घरात समाधान पसरतं. आणि मुलगा फ्लॅट शोधायला निघाला की तीच मंडळी कपाळाला हात लावतात. एकाच घरात दोन पक्ष. उमेदवाराने बाजू घ्यायची कुणाची? तो शहाणा असतो, गप्प बसतो.

कागदाचं तसं नाही. कागद देता येतो आणि त्यात दुसऱ्या कुणाचं नुकसान दिसत नाही. शहराच्या कडेला शेताचे तुकडे पाडून, डायवर्शन (शेतीची जमीन घरांसाठी वापरायची परवानगी) नाही, टीएनसीची, म्हणजे नगरनियोजन खात्याची, मंजुरी नाही, असे प्लॉट नोटरीवर विकले गेले. कुठे नुसत्या डायरीतल्या नोंदीवर. लोकांनी ते घेतले, कारण तेवढेच परवडत होते. ‘अवैध कॉलनी’ म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. अशा घराचा नकाशा पास होत नाही, बँक दारात उभं करत नाही, रस्ता आणि नर्मदेच्या पाण्याची लाइन यांसाठी पार्षदाच्या (नगरसेवकाच्या) मागे फिरावं लागतं. त्या माणसाला कुणी ‘वैध करतो’ म्हटलं, तर ते आश्वासन त्याच्यासाठी लाखमोलाचं असतं.

आता क्रम बघा. अवैध कॉलन्या वैध करण्यासाठी २०२१मध्ये राज्याने कायदा बदलला. मे २०२३मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहानांनी ३१ डिसेंबर २०२२पर्यंतच्या अवैध कॉलन्या वैध करण्याची घोषणा केली. सप्टेंबरात घरासाठी मदत देणारी लाडली बहना आवास योजना आली आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं. भाजपला २३० पैकी १६३ जागा, इंदूर जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ. हा निकाल घरांनीच लावला असं मी म्हणत नाही. लाडली बहना योजनेचे पैसे दर महिन्याला बायकांच्या खात्यात पडत होते, ते कोण विसरेल? पण भावाबद्दल त्या सगळ्या गदारोळात एक वाक्य ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

 

इंदूरकर चिडत नाही असंही नाही. २०२४च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला, तेव्हा इथे २ लाख १८ हजारांवर लोकांनी नोटा दाबला. मग घराच्या बाबतीतच हा राग कुठे जातो?

तो भाड्याच्या घरात राहतो आणि त्याचं मत गावाला असतं. माझा भाचा बऱ्हाणपूरचा, इथे नोकरी, मल्टीत (बहुमजली इमारतीत) भाड्याने. मतदार यादीत नाव अजून बऱ्हाणपूरलाच. घरमालक ११ महिन्यांचा नोटरी करार करून देतो, रजिस्टर्ड नाही. लाइट बिल मालकाच्या नावावर. आधारवर गावचा पत्ता. पासबुकावरचा पत्ता बदलून यादीतला पत्ता बदलण्याचा फॉर्म ८ भरता येतो, पण दर दोन वर्षांनी घर बदलणारा माणूस हे करणार केव्हा? २०२५च्या नोव्हेंबरात एसआयआरसाठी, म्हणजे मतदार यादीच्या फेरतपासणीसाठी, बीएलओ (निवडणूक आयोगाचे केंद्र-अधिकारी) आमच्या मल्टीत आले, तेव्हा निम्म्या दारांवर एकच उत्तर होतं, ‘आमचं नाव तिकडे आहे.’ भाववाढीचा मार ज्याला सगळ्यात जास्त बसतो, तो इथल्या ८५ वॉर्डांपैकी एकातही मोजला जात नाही.

आणि आपलं, मराठी लोकांचं काय? सुमित्राताई महाजन १९८९पासून आठ वेळा इथून लोकसभेवर निवडून आल्या. सगळं श्रेय मराठी मतांना देणं खुळेपणाचं होईल, पण रामबाग, लोकमान्यनगर इथे आपण एका जागी होतो, म्हणून उमेदवार आपल्या गणपतीला यायचे. रामबागेतले वाडे गेले, त्या जागी झालेल्या मल्टीत पुन्हा घर घेणं वाड्यातल्या भाडेकरूंना झेपलं नाही. कुणी राऊला गेलं, कुणी बिचोलीला. घरांच्या भावाने आपलं मत बदललं नाही, पण पांगवलं.

२०२७मध्ये महापालिकेची निवडणूक आहे. आमच्या मल्टीतल्या भाडेकरूंची नावं इथल्या यादीत आणावीत आणि मालकांनी रजिस्टर्ड करार द्यावेत, असं मी मीटिंगमध्ये सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, “आज यादीत नाव, उद्या मेंटेनन्सच्या मीटिंगला येऊन बसतील.”

बसू द्या की!