लस घेतलेला स्टाफ परत पॉझिटिव्ह येतो तेव्हा

कोविड लसीचे दोन्ही डोस झालेली सिस्टर पुन्हा पॉझिटिव्ह आली की वॉर्डात दोनच गोष्टी ऐकू येतात. "लसीचा काही उपयोग नाही", नाहीतर "मास्क नीट घातला नसणार". एवढं बोललं की विषय संपतो, पुढे कोणी काही तपासत नाही. राग येतो तो याचाच.

लसीचं आधी उरकू. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याच कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. दोन डोस झालेल्या ७,०८० जणांपैकी ६७९ जणांना लागण झाली, म्हणजे जवळजवळ दहांत एकाला. पण ऑक्सिजन लागला चौघांना आणि आयसीयू दोघांना. दंडावर घेतलेल्या लसीने रक्तात अँटिबॉडी भरपूर येतात, नाकाघशाच्या अस्तरावर कमी, आणि काही महिन्यांत त्याही उतरतात. त्यामुळे ताप-सर्दी होते, फुफ्फुसं बहुतेकदा वाचतात.

खरा घोळ चाचणीत आहे. आरटी-पीसीआर ही नाकाघशाच्या स्वॅबवरची चाचणी मेलेल्या विषाणूचे तुकडेही पकडते आणि ते काही जणांच्या नाकात आठवडेच्या आठवडे राहतात. म्हणून आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पुनर्संसर्ग, म्हणजे नव्याने झालेली लागण, मोजताना दोन पॉझिटिव्हमध्ये किमान १०२ दिवस आणि मधे एक निगेटिव्ह अशी अट धरली. मोजणीपुरती ती ठीक. पण तीच अट पुढे करून ताप आलेल्या रेसिडेंट डॉक्टरला "जुनंच असेल, ड्युटीवर ये" म्हणणं धोक्याचं आहे. मुंबईत २०२१ मध्ये पूर्ण लस झालेल्या एका आरोग्य कर्मचाऱ्याला साधारण सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा लागण झाली. विषाणूचा जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकीय आराखडा, वाचला तर आधी अल्फा प्रकार निघाला, नंतर डेल्टा. १०२ दिवसांची अट लावली असती तर ही केस मोजलीच गेली नसती.

नमुनाच फेकून दिला तर यातलं काहीच कळत नाही. स्टाफचा स्वॅब लक्षणांच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच घ्या. सीटी म्हणजे विषाणू सापडेपर्यंत चाचणीला लागलेल्या फेऱ्या, विषाणू कमी तर आकडा मोठा. ती तिशीपलीकडे गेली की जीनोम बहुधा अर्धवटच वाचला जातो. व्हीटीएमची (स्वॅब ज्या द्रवात ठेवतात त्याची) ट्यूब २ ते ८ अंशांवर ७२ तासांपर्यंत ठेवा, त्यापुढे उणे ७० किंवा त्याखाली. साध्या डीप फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा पुन्हा वितळू दिली तर विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, तुटतो. ट्यूबसोबत डोसच्या तारखा, लक्षणांची तारीख, सीटी आणि किटचं नाव लिहा. दोन वेगळ्या किटच्या सीटी शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. स्वॅब वरवर घेतला तरी सीटी चढते.

आता लागण कुठे होते ते बघा. पीपीई घालून पेशंटजवळ असताना सगळे सावध असतात. मास्क उतरतो तो ड्युटी रूममध्ये, चहा-डब्याच्या वेळी. खोली छोटी, खिडकी बंद, स्प्लिट एसी चालू, आत सहा जण. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. खोली ४ बाय ३ मीटर आणि उंची ३ असेल तर ३६ घनमीटर हवा झाली. ती तासाला सहा वेळा बदलायची तर २१६ घनमीटर बाहेर फेकणारा एक्झॉस्ट हवा. हा आकडा पंख्याच्या खोक्यावर छापलेला असतो. जाळीत धूळ बसली की तेवढी हवा जात नाही, म्हणून थोडा मोठाच घ्या. पंखा आणि उघडी खिडकी एकाच भिंतीला नकोत. बाहेरची हवा खिडकीतून येते आणि तशीच पंख्यातून निघून जाते, खोलीतली कोंडलेलीच राहते.

मास्कचंही तसंच. एन९५ म्हणून कानात अडकवायच्या पट्ट्यांचे मास्क सर्रास खरेदी होतात, आणि ते बहुतेकांच्या चेहऱ्याला घट्ट बसत नाहीत. डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचे मागवा. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा हनुवटीखाली वारा लागला तर मास्क परत बसवा. दाढी असेल तर कितीही चांगला मास्क गळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रजा. कंत्राटी मावशी आणि मामांचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. मग ते पॅरासिटामॉल घेऊन कामावर येतात, आणि ताप लपवला म्हणून दोषही त्यांनाच मिळतो. पॉझिटिव्ह आल्यावर घरी राहायचे सगळे दिवस भरपगारी धरले जातील, हे कंत्राटदाराच्या करारात लिहून घ्या आणि ती ओळ मराठीत हजेरीच्या टेबलाजवळ लावा.