ठासणीच्या रायफलीत दारू वाढवली की नेम सुधारतो? अजिबात नाही

आपल्या नाशिकच्या नेमबाजीवाल्या ग्रुपांवर परत तो मेसेज फिरतोय. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या रायफलीत दारू जितकी जास्त तितका नेम पक्का, माप काढायचं तर गोळी तळहातावर ठेवून ती झाकेपर्यंत दारू ओता, आणि मग गज (गोळी आत दाबायची लांब काठी) उसळी मारेपर्यंत ठोका. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि वाचून कुणी खरंच करून बघितलं तर नेम जाईलच, हातही जाईल.

आधी जास्त दारूचं बघू. काळी दारू जळली तरी तिचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपातच उरतो, धूर आणि काजळी. दारू वाढवत गेलात की वेग सुरुवातीला वाढतो, पुढेपुढे तेवढाही वाढत नाही, काजळी मात्र साचतच जाते, मग प्रत्येक गोळीला नळी वेगळी मिळते आणि गोळ्या एका जागी पडणार कशा? ब्रिटिश फौजेची १८५३ ची एनफिल्ड रायफल घ्या, गोळी ५३० ग्रेन म्हणजे ३४ ग्रॅमची आणि दारू अडीच ड्रॅम, साडेचार ग्रॅमच्याही आत, म्हणजे गोळीच्या वजनाचा साधारण आठवा हिस्सा, तरी नेम धरायच्या मागच्या साइटवर खुणा ९०० यार्डांपर्यंत होत्या.

तळहाताचं माप तर सोडूनच द्या, तळवा थोडा खोलगट धरला तरी माप बदलतं. शिवाय नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा, कसा आहे हे तळव्याला काय कळणार, गोल गोळीला संथ पीळ मानवतो, लांबट गोळीला जलद, व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी रायफलीच्या षटकोनी नळीत २० इंचात एक वेढा होता. पितळी माप घ्या, कंपनीने दिलेल्या सगळ्यात कमी मापापासून सुरू करा, तिच्या कमाल मर्यादेच्या आतच ५-५ ग्रेन वाढवा, प्रत्येक मापाला ५ गोळ्या, दर गोळीनंतर नळी पुसा, बाकी काही बदलू नका. साइटला तोवर हात लावायचा नाही, गोळ्या एकमेकींजवळ पडतायत का एवढंच बघायचं.

आणि गोळीभोवती गुंडाळलेली चिंधी, बार उडाल्यावर ती पुढे जमिनीवर पडते, ती उचलून नीट बघा. मधोमध काळा गोल आणि कापड शाबूत असेल तर ठीक. भोकं जळालेली असतील तर कापड पातळ आहे नाहीतर दारू जास्त झालीय. कडेने कापल्यासारखी असेल तर नळीच्या आतल्या धारा बघून घ्या. एवढं सांगणारी दुसरी फुकटची गोष्ट नाही.

गज आपटला की मऊ शिशाची गोळी चपटी होते आणि दारूचे दाणे चुरतात. दरवेळी सारख्याच जोराने, दारूला टेकेपर्यंत दाबायचं आणि गजावर खूण करून ठेवायची, कारण गोळी अर्ध्यात राहून मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटतेही. काडतुसातली बिनधुराची दारू यात चिमूटभरसुद्धा घालायची नाही.

त्या मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय की पेठ-सुरगाण्याकडे म्हातारे अंदाजानेच बार भरायचे आणि डुक्कर पाडायचे. बरोबर, पण पीक राखायला लायसन्सवर मिळते ती ठासणीची बंदूक बहुतेक साध्या नळीची, छऱ्याची आणि जवळून मारायची. तो अंदाज पीळ असलेल्या नळीला लावू नका.

आणि रेंजवर ऑगस्टात जुळवलेलं माप मे मध्ये परत तपासा, आपल्याकडे पावसाळ्यात काजळी ओलसर मऊ राहते आणि उन्हाळ्यात तीच कडक होऊन दुसरीच गोळी अडकायला लागते.