डिटेक्टर तर दारात होताच

अमेरिकेतल्या शाळेत गोळीबार झाला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: दारात मेटल डिटेक्टर बसवा, रक्षक नेमा, प्रश्न मिटला. शिवाय ही मोठ्या शहरांची दुखणी. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे आधीच कळतं. मारेकरी मेला की विषय संपला.

हे लिहिणाऱ्याला रेड लेक ठाऊक नसावं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाकडची ही ओजिब्वे आदिवासींची आडबाजूची वसाहत. 21 मार्च 2005 ला तिथल्या हायस्कुलात 16 वर्षांचा मुलगा बंदुका घेऊन घुसला. दारात डिटेक्टर होता, दोन निःशस्त्र रक्षकही होते. त्यातला एक तिथेच मारला गेला. आत एक शिक्षिका आणि पाच विद्यार्थी मारले गेले. एका विद्यार्थ्याने तर हातातल्या पेन्सिलीनिशी मारेकऱ्यावर झडप घातली. तोंडावर गोळी लागूनही तो विद्यार्थी वाचला.

'मग रक्षकाला बंदूक द्या' हे उत्तर तयारच असतं. सशस्त्र पोलीस काही मिनिटांत पोचले, चकमक झाली आणि त्या मुलाने स्वतःला संपवलं. त्यांच्यामुळे पुढचे जीव वाचले हे खरंच. पण त्याच्याकडची हत्यारं कुठली? आजोबा तिथल्याच पोलिसांत सार्जंट. त्यांना आणि त्यांच्या जोडीदारणीला घरात मारून त्याने त्यांचं सरकारी पिस्तूल, शॉटगन आणि बुलेटप्रूफ जाकीट उचललं आणि पोलिसांच्याच गाडीतून तो शाळेत आला. घरातलं हत्यार पोराच्या हाती कसं लागतं, यावर त्या मजकुरात अवाक्षर नाही.

राहिलं 'आधीच कळतं'. अहो, कळलेलंच होतं! वडिलांची आत्महत्या, अपघातात आईच्या मेंदूला झालेली इजा, त्याने स्वतःला करून घेतलेल्या जखमा, नैराश्यावरची औषधं, शाळेऐवजी घरीच शिकवणी. यातलं काय लपून होतं?

आणि विषय संपला म्हणाल, तर आठवड्याभरात त्याच्या ओळखीतल्या आणखी एका अल्पवयीन मुलाला अटक झाली. मेलेल्यांची आणि संशयिताची घरं एकाच वस्तीत. 2012 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्याच न्यूटाउन गावी एका शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली, तेव्हा रेड लेकची माणसं सांत्वनाला तिथवर गेली. न्यूटाउनच्या त्या शाळेचं दार कुलूपबंद होतं. मारेकरी शेजारची काच गोळ्यांनी फोडून आत शिरला होता.