अण्णांचं ताट आणि ३६ वर्षांचा अभ्यास

सकस आहारानं मृत्यूचा धोका कमी होतो, हा लेख आवडला. त्यातल्या हार्वर्डच्या २०२३ च्या अभ्यासात सुमारे १ लाख १९ हजार जणांची ३६ वर्षांपर्यंतची माहिती होती. अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, फळं, सुकामेवा भरपूर खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका २० टक्क्यांपर्यंत कमी दिसला. पण असं खाणारे बहुधा चालतात-फिरतात, सिगारेट टाळतात. त्याचाही हिशोब संशोधकांनी धरला होता. तरी हा पाहणीवजा अभ्यास, म्हणजे संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. लेखकाने हे एका ओळीत गुंडाळलंय.

आता आमचं सोलापुरातलं घर. अण्णा ७८ वर्षांचे. मालदांडी ज्वारीची भाकरी, मेथी, तुरीचं वरण, सगळं लेखातल्या यादीतलंच! पण कवळी बसवल्यापासून कडक भाकरी चावत नाही, म्हणून रात्री चहा आणि खारी. आई गेल्यावर तर एकट्यानं जेवायचंच नको म्हणायचे. आता मी भाकरी आमटीत कुस्करून देते आणि ताट घेऊन समोर बसते. दीड भाकरी जाते.

शेंगाचटणी मात्र सुटत नाही. शेंगदाणे चांगलेच, पण मीठ? दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणतात. अण्णांचं निम्मं तर चटणी-लोणच्यातच संपत असेल. बीपीची गोळी चालू आहे, तरी चमचा लपवला की शोधून काढतात.